सरेच्या टेकड्यांतली पहिली सायकल फेरी: डॉर्किंगहून निघून डॉर्किंगला परत

मी साताऱ्याची. कॉलेजात असताना यवतेश्वरचा घाट चढून कासला जाऊन येणं हा आमचा रविवारचा ठरलेला कार्यक्रम. त्यामुळे लंडनला आल्यावर कुणीतरी कौतुकाने सांगितलं, की दक्षिणेकडे सरे परगण्यात 'हिल्स' आहेत आणि त्यातलं सर्वांत उंच टोक, लीथ हिल, २९४ मीटर आहे, तेव्हा मला हसू आलं. आमचं सातारा गावच समुद्रसपाटीपासून याच्या दुपटीहून जास्त उंचीवर वसलंय. त्या हसण्याची फेड पुढच्याच रविवारी झाली. कोल्डहार्बरच्या अलीकडे मी सायकल ढकलत चालले होते, आणि सत्तरीच्या एक आजी पॅडल मारत, 'मॉर्निंग!' म्हणत बाजूने निघून गेल्या.

तेव्हापासून ही फेरी मी कितीतरी वेळा केली, नव्या लोकांना घेऊनही गेले. पुण्या-मुंबईकडून नोकरीसाठी इथे आलेले, आल्या आल्या सायकल घेतलेले आणि आता रिचमंड पार्कच्या गोल चकरा मारून कंटाळलेले असे बरेच जण विचारतात, की पुढे काय? पुढे हे. डॉर्किंग, कोल्डहार्बर, लीथ हिलची बाजू, होल्मबरी सेंट मेरी, पीसलेक, शिअर, रॅनमोर आणि परत डॉर्किंग. अंतर चाळीस किलोमीटरच्या आतलं, चढाई साधारण ५०० ते ६०० मीटर. आकडे फार वाटत नाहीत ना? मलाही वाटले नव्हते.

घाटाची सवय इथे का चालत नाही

आपल्याकडचा घाट कुणीतरी मोजून बांधलेला असतो. डोंगर कितीही उभा असो, रस्त्याला वळणं देऊन देऊन चढ आटोक्यात ठेवलेला असतो. एक गिअर पकडायचा, श्वास लावायचा आणि तासभर तसंच राहायचं. इंग्लंडमधल्या लेन, म्हणजे गावाकडच्या या अरुंद वाटा, कुणी आखलेल्या नाहीत. माणसं, गुरं आणि गाड्या शतकानुशतकं एकाच वाटेने गेल्या, वाट पडली, पुढे कधीतरी तिच्यावर डांबर आलं. वाट सरळ टेकडीवर जात असेल तर रस्ताही सरळ टेकडीवर जातो. चार मिनिटं बरा, मग वळणामागे अचानक शंभर मीटर भिंत, मग पुन्हा सपाट. लय लागतच नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. घाटात खालचं वळण दिसतं, त्यावरचा ट्रकही दिसतो आणि त्याचा हॉर्न तर दोन वळणं आधीच ऐकू येतो. इथे दोन्ही बाजूंना डोक्याहून उंच हेज, म्हणजे झाडाझुडपांचं जिवंत कुंपण. पुढचं काही दिसत नाही आणि हॉर्न कुणी वाजवत नाही. म्हणून या फेरीत मांड्यांपेक्षा डोळ्यांचं काम जास्त. जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. नव्या माणसाला मी बाकी काही सांगितलं नाही तरी हे सांगते.

आधी सायकलकडे बघा

मी पहिली सायकल सेकंडहँड घेतली, दिसायला झकास. पुढे ५३ आणि ३९ दातांच्या चकत्या, मागची सर्वांत मोठी चकती २५ दातांची. शर्यतवाल्यांचे गिअर. त्या गिअरवर इथला पंधरा टक्क्यांचा (शंभर मीटरला पंधरा मीटर वर) तुकडा चढायचा तर गुडघे गहाण टाकावे लागतात. तुमच्या सायकलला पुढे ५०/३४ आणि मागे ३२ किंवा ३४ दातांची चकती असेल तर निर्धास्त या. ३४ ला ३४ म्हणजे पायाचा एक फेरा, चाकाचा एक फेरा. लाज वाटून घेऊ नका, इथले जुने खोडही तोच गिअर लावतात. मागची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, बदलणं हे दुकानात अर्ध्या तासाचं काम आहे. फक्त मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तेवढी मोठी चकती पेलतो का, हे आधी विचारून घ्या.

टायर २५ चे असतील तर चालतील, २८ मिलिमीटरचे असतील तर उत्तम. हवा ठासून भरू नका. सत्तर किलोच्या आसपासच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये ७० पीएसआय पुष्कळ झाली. दगडासारखा टायर खडबडीत लेनवर उड्या मारतो आणि ओल्यात घसरतो.

ब्रेक तपासताना घरातल्या घरात दाबून 'लागतोय' म्हणू नका. उतारावर जाऊन तपासा. रिम ब्रेक, म्हणजे चाकाची कड दाबणारे ब्रेक, असतील तर पावसात चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांत ते फक्त पाणी पुसतात, पकड नंतर येते. हे पहिल्यांदा कळायला नको तिथे कळतं.

सोबत दोन ट्यूब, टायर लिव्हर, पंप, छोटा ॲलन की संच. मागे लाल दिवा दिवसाही लावा, कारण झाडीखालच्या लेनमध्ये भर दुपारी संध्याकाळ असते. अंधार पडल्यावर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा ही कायद्याचीच अट आहे. हेल्मेटची सक्ती कायद्यात नाही, माझ्याबरोबर यायचं असेल तर आहे.

खायला काय? जेल आणि बार विकत घेण्यात पैसे घालवू नका. शेंगदाण्याची चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडू जर्सीच्या मागच्या खिशात अगदी नीट बसतात आणि थंडीत दात मोडत नाही इतपत मऊ लाडूच राहतो, म्हणून हिवाळ्यात लाडू, उन्हाळ्यात चिक्की. दर पाऊण तासाला थोडं खायचं, भूक लागायची वाट बघायची नाही.

दिवस आणि गाडी

मे ते सप्टेंबर. एप्रिलच्या शेवटाला आलात तर जंगलात ब्लूबेलचा निळा गालिचा दिसेल, पण हातमोजे लागतील. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओल्या पानांचा थर उतारावर साबणासारखा होतो. डिसेंबरात चारच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि जानेवारीत सावलीतल्या लेनवरचा बर्फ दुपारपर्यंत हलत नाही, कारण मीठ टाकणारी गाडी मोठ्या रस्त्यांवर फिरते, या गल्ल्यांत येत नाही. पहिली फेरी त्या दिवसांत नको.

डॉर्किंगला वॉटर्लू आणि व्हिक्टोरिया दोन्हीकडून थेट गाड्या आहेत, तासाभराचा प्रवास. शनिवार-रविवारी सायकल डब्यात घेता येते. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळेत मात्र घडीची सायकल सोडून दुसरी घेऊ देत नाहीत. आदल्या रात्री एक गोष्ट नक्की बघा: रुळांची कामं निघालीत का. रविवारी ती हमखास निघतात, गाडीऐवजी बस ठेवतात आणि बसमध्ये सहसा सायकल घेत नाहीत. मी एकदा परतीच्या वाटेवर अशी अडकले आणि पाय गळालेले असताना घरापर्यंतचे आणखी वीस किलोमीटर सायकलवरच काढले.

नकाशातले बाण

फोनवर मार्ग लावून घ्या, पण ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. टेकड्यांमधल्या खोलगट भागात सिग्नल जातो. आणि एकदा तरी ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा कागदी नकाशा हातात घ्या, लँडरेंजर मालिकेतला १८७ क्रमांकाचा. त्यात रस्त्यांवर छोटे बाण असतात. एक बाण म्हणजे १४ ते २० टक्क्यांचा चढ, दोन बाण म्हणजे २० टक्क्यांहून जास्त. बाणाचं टोक उताराकडे असतं, चढाकडे नाही. मी सुरुवातीला नेमकं उलटं वाचलं आणि मित्रमंडळींना 'या बाजूने सोपं आहे' असं सांगून व्हाइट डाउन लेनवर चढवलं. अजून ऐकवतात. ती लेन आपल्या फेरीत नाही, निश्चिंत राहा.

रस्त्यावरच्या जुन्या पाट्यांवर चढ १:५ असा लिहिलेला दिसला तर तो २० टक्के.

डॉर्किंग ते कोल्डहार्बर

स्टेशनातून गावाकडे वळा. गावाच्या कडेला, चौकातल्या गोल बेटावर चकाकत्या धातूचा एक प्रचंड कोंबडा उभा आहे. डॉर्किंग नावाची कोंबड्यांची जात प्रसिद्ध, तिला पायाला चाराऐवजी पाच बोटं असतात. हाय स्ट्रीटवरून साउथ स्ट्रीटला लागून कोल्डहार्बर लेनची पाटी शोधा. कॉफी पिणार असाल तर गावातच प्या, कारण पुढचा तासभर काही नाही.

गाव संपतं तसा चढ सुरू होतो. पाच-सहा किलोमीटर, मध्ये मध्ये दम देणारा. सुरुवातीच्या घरांमधून जोर करू नका. इथेच नवे लोक फसतात: पाय ताजे, हवा गार, मोठ्या गिअरवर ऐटीत निघतात आणि जंगल लागेपर्यंत संपतात. मी सांगते ते अगदी साधं. पहिली दहा मिनिटं शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने चढा. गिअर चढ सुरू व्हायच्या आधी उतरवा. चढात जोर लावून ठेवलेला असताना गिअर बदललात तर चेन कुरकुरते, कधी उतरते, आणि मग चिकटलेल्या काळ्या बोटांनी पुढची सगळी फेरी.

अर्ध्या वाटेत लेन जमिनीत शिरते. शब्दशः. दोन्ही बाजूंना वाळूच्या दगडाच्या मातकट भिंती उभ्या राहतात, त्यांतून बीचच्या झाडांची मुळं दोरखंडांसारखी लोंबत असतात आणि वर फांद्यांचं छत. इथला दगड मऊ. पायांनी आणि चाकांनी झिजत गेला, झीज पावसाने वाहून नेली आणि वाट खाली खाली जात राहिली. मी दर वेळी इथे थोडी थांबते. दमले म्हणून थांबले असं कुणाला वाटलं तर वाटू दे.

अशा जागी रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून चालवू नका. हे आपल्याला जमत नाही, कारण लहानपणापासून 'कडेने चालव' हेच ऐकलेलं असतं. पण कडेला चिकटलात की मागच्या गाडीवाल्याला वाटतं, जागा आहे, आणि तो वळणावरच घुसतो. इथला हायवे कोड, म्हणजे वाहतुकीच्या नियमांचं सरकारी पुस्तकही सांगतं, की रस्ता अरुंद होतो तिथे सायकलवाल्याने आपल्या बाजूच्या पट्ट्याच्या मध्यावर राहावं. जागा रुंदावली, पुढचं दिसायला लागलं, की स्वतःहून डावीकडे सरा, हात करून गाडीला पुढे बोलवा. तो हात वर करून आभार मानेल, तुम्हीही करा. या गल्ल्यांतला सगळा व्यवहार त्या उचललेल्या हातावर चालतो. जानेवारी २०२२ पासून कोडमध्ये गाड्यांसाठी अंतरही दिलंय: ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाने सायकलला ओलांडताना निदान दीड मीटर. सगळे पाळतात असं नाही, पण बहुतेक जण पाळतात.

रस्त्याच्या मधोमध शेवाळ किंवा गवताची पट्टी असते. तिच्यावर चाक घालू नका, गाड्यांच्या चाकोरीतूनच चला.

कोल्डहार्बर म्हणजे एक पब, एक चर्च आणि मूठभर घरं. इथे पाणी प्या, लाडू खा. लीथ हिलचा मनोरा इथून पायवाटेने वर आहे. रिचर्ड हल नावाच्या माणसाने १७६५ च्या सुमारास तो बांधला, टेकडी हजार फुटांना थोडी कमी पडत होती म्हणून. वर चढलं की हजार फुटांवर जाता येतं. असा हट्ट मला आवडतो. रोड बाइक घेऊन त्या मातीच्या वाटेवर जाऊ नका, चालत जायचं तर वेगळा दिवस काढा.

उतार: इथे सावकाश वाचा

कोल्डहार्बरहून रस्ता टेकडीच्या दक्षिण अंगाने पश्चिमेकडे जातो. डावीकडे झाडांच्या फटींतून खाली वील्डचं मैदान दिसतं, हवा स्वच्छ असली तर पार पलीकडच्या साउथ डाउन्सच्या टेकड्यांपर्यंत. मग होल्मबरी सेंट मेरीच्या पाट्यांमागे लागायचं आणि उतरायचं.

एक हिशोब डोक्यात ठेवा. ताशी ४० किलोमीटरला सायकल सेकंदाला ११ मीटर जाते. समोरून गाडी ताशी ३० ने आली तर ती सेकंदाला ८ मीटर येते. हेजच्या वळणावर तुम्हाला दिसतो वीस मीटर रस्ता. म्हणजे दिसल्यापासून एका सेकंदात भेट. ओल्या रस्त्यावर एका सेकंदात काही होत नाही, ब्रेकवरची बोटं आवळेपर्यंतच तो संपतो.

म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. हात हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागात ठेवा, तिथून ब्रेकवर जोर येतो. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबत न्या. वजन थोडं मागे. सरळ तुकड्यात ब्रेक, वळणात मोकळं सोडून द्यायचं, नजर वळणाच्या शेवटाकडे. उन्हातून झाडीत शिरताना डोळ्यांना क्षणभर काही दिसत नाही आणि खड्डे नेमके तिथेच असतात, त्यामुळे गडद गॉगल नको, पारदर्शक काचेचा घ्या.

उतारावर मला कुणीही मागे टाकून गेलं तरी चालतं. चढावर नाही.

गटात असाल तर पुढच्याने ओरडून सांगायचं असतं. इथले क्लबवाले 'कार अप', 'कार डाउन' असं ओरडतात आणि गंमत अशी, की त्याचा अर्थ एका भागात पुढून गाडी तर दुसऱ्या भागात मागून गाडी. आपण मराठी मंडळी सरळ 'पुढून!' आणि 'मागून!' ओरडतो. आजवर गोंधळ झालेला नाही.

घोडा दिसला की

सरेत घोडे भरपूर. चकचकीत पिवळी जाकिटं घातलेले स्वार लेनमधून जाताना दिसतील. आपण मागून आवाज न करता येतो, आणि घोड्याच्या लेखी मागून आवाज न करता येणारा प्राणी फक्त शिकारी असतो. त्यामुळे वेग सोडा आणि लांबूनच, वीसेक मीटरवरून, माणसाच्या आवाजात बोला. 'हॅलो! सायकल मागे आहे, जाऊ का?' एवढं इंग्रजीत पुरे. घंटी वाजवू नका, ती घोड्याला अनोळखी. स्वाराने हो म्हटल्यावर उजवीकडून, निदान दोन मीटर लांबून, हळू जा. डावीकडून कधीही घुसू नका. ब्रिटिश हॉर्स सोसायटी आणि सायकलिंग यूके या दोन संस्थांनी मिळून याचीच मोहीम चालवली होती: नीट वागा, हाय म्हणा.

पहिल्या वेळी मी पॅडल न मारता नुसतीच फ्रीव्हील करत मागे गेले. फ्रीव्हीलचा तो टिकटिक आवाज ऐकून घोडा दचकून रस्त्यात आडवा फिरला आणि वरच्या बाईंनी मला शांत, सभ्य, हाडापर्यंत जाणाऱ्या इंग्रजीत जे ऐकवलं ते मी घरी सांगितलेलं नाही.

पीसलेक, आणि एक काटा

होल्मबरी सेंट मेरीतून पीसलेककडे जाणारी लेन पुन्हा एक रांग ओलांडते. लहान चढ, पण उतारानंतर गार पडलेल्या पायांना तो खरा असतो त्याच्या दुप्पट वाटतो. सगळ्यात हलका गिअर, बसून चढा. उभं राहून चढायचा मोह ओल्यात टाळा, मागचं चाक नुसतं फिरतं.

पीसलेकमध्ये गावचं एकच दुकान, व्हिलेज स्टोअर्स, आणि त्याच्यासमोर चिखलाने माखलेल्या माउंटन बाइकवाल्यांची जत्रा. इथल्या गरम चीज स्ट्रॉ प्रसिद्ध आहेत. खारी आणि चीजचं लग्न लावावं तसा प्रकार. एक घ्या, दुसरी घ्यायची इच्छा होईल, घेऊ नका. अजून एक चढ बाकी आहे.

पीसलेकहून शिअरकडे निघाल्यावर माझं मागचं चाक एकदा बसलं. ऑक्टोबर होता. इथे मार्च ते ऑगस्ट हेज छाटायला बंदी असते, पक्ष्यांची घरटी असतात म्हणून. सप्टेंबरपासून ट्रॅक्टरला लावलेल्या कटरने छाटणी सुरू होते आणि हॉथॉर्न-ब्लॅकथॉर्नचे काटे रस्त्यावर पसरतात. मी झटपट ट्यूब बदलली, हवा भरली, स्वतःवर खूश होऊन निघाले. पाच मिनिटांत पुन्हा फुस्स. काटा टायरमध्येच होता, ट्यूब तेवढी मी नवी दिली होती त्याला टोचायला.

तेव्हा क्रम नीट लक्षात ठेवा. चाक काढायच्या आधी चेन मागच्या सर्वांत लहान चकतीवर आणा. ट्यूब बाहेर काढली की तिला थोडी हवा भरून छिद्र शोधा आणि ट्यूब टायरशेजारी धरून बघा, छिद्र टायरच्या कुठल्या भागासमोर येतंय. आता टायरच्या आतून बोट फिरवा, अगदी सावकाश, तांदूळ निवडताना खडा शोधतो तसं. त्या दिवशी मला माझा काटा असाच लागला: बाहेरून काहीच दिसत नव्हतं, आतून जेमतेम दोन मिलिमीटर काळं टोक. नखाने निघेना. शेवटी टायर दुमडून दाताने ओढला. नवी ट्यूब घालताना तिला आधी चिमूटभर हवा द्या, म्हणजे ती टायर आणि रिमच्या मध्ये चिमटत नाही. टायरचा शेवटचा भाग हातानेच बसवा, लिव्हर लावलात तर नव्या ट्यूबलाच भोक.

पुढच्या टप्प्यात, चुनखडीच्या टेकड्यांवर, काट्याऐवजी फ्लिंट येतो. चुनखडीत सापडणारी ही गारगोटी फुटली की काचेसारखी धार येते. पाऊस पडून गेला की बारीक तुकडे वाहून रस्त्यावर येतात. पावसानंतरच्या सकाळी थांबाल तिथे टायरवरून हात फिरवून घ्या.

शिअरहून रॅनमोर

शिअर पोस्टकार्डावरचं गाव आहे. टिलिंगबोर्न ओढा, बदकं, जुनी लाकडी चौकटीची घरं आणि रविवारी पार्किंग शोधणारे लोक. बाटल्या भरून घ्या, काही हॉटेलं फक्त कार्ड घेतात, काही फक्त रोख, दोन्ही जवळ ठेवा. ए२५ हा मोठा रस्ता इथून थेट डॉर्किंगला जातो. दमला असाल तरी त्याच्या मोहात पडू नका, गाड्यांचा वेग आणि गर्दी दोन्ही जास्त. तो फक्त ओलांडायचा आणि समोर कूम लेनने वर जायचं.

आतापर्यंत तुम्ही वाळूच्या दगडाच्या टेकड्यांत होता, आता नॉर्थ डाउन्सची पांढरी चुनखडी. हा चढ फेरीतला सर्वांत प्रामाणिक: सुरू होतो, चढतो, संपतो. मध्ये पाय टेकावा लागला तर टेका. फक्त वळणावर टेकू नका, सरळ तुकड्यात कडेला जाऊन टेका. आणि पुन्हा सायकलवर बसताना चढाकडे तोंड करून पॅडल मारता येत नसेल, तर रस्ता मोकळा बघून थोडं आडवं निघा, चाक फिरलं की मग वर वळा. ही युक्ती मला साताऱ्यात माहीत नव्हती, कधी लागलीच नाही.

वरून ग्रीन डीनच्या दरीत एक छोटा उतार आणि मग क्रॉकनॉर्थ रोडने उजवीकडे, शेवटची चढाई. जंगल, क्वचित एखादी गाडी. रॅनमोरला पोचलात की एकदम आकाश मोकळं होतं. उंच टोकदार मनोऱ्याचं चर्च दिसेल. ते जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या वास्तुकाराचं, १८५९ चं. समोरच्या गवतावर आडवे पडा. उरलेला लाडू इथे.

डॉर्किंगकडचा उतार तीव्र आहे आणि पाय, हात, डोकं तिन्ही थकलेले असतात. स्टेशन जवळ आलं, गाडी गाठायची आहे, म्हणून इथे ब्रेक सोडू नका. पुढची गाडी मिळते.

बॉक्स हिल वेगळं ठेवा

सगळे विचारतात, बॉक्स हिल का नाही? डॉर्किंगच्या अगदी उशाशी आहे, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकची रस्ता शर्यत तिच्यावरून गेली. पुरुषांनी ती टेकडी नऊ वेळा चढली, महिलांनी दोनदा. झिगझॅग रोड अडीच किलोमीटरचा, चढ सरासरी पाच टक्के, शर्यतीसाठी गुळगुळीत केलेलं डांबर आणि दोन मोठी हेअरपिन वळणं. म्हणजे या भागातला एकमेव रस्ता, जो आपल्या घाटासारखा वागतो. खालचं वळण दिसतं, गिअर पकडता येतो, लय लागते.

त्यामुळेच मी तो पहिल्या फेरीत घालत नाही. तो चढून माणसाला वाटतं, आपल्याला सरे कळलं. हवं तर दुसऱ्या रविवारी जा. ए२४ च्या कडेने सायकलसाठी वेगळी वाट आहे, तिने बर्फर्ड ब्रिजपर्यंत जायचं, ऊन असेल तर तिथे मोटरसायकलवाल्यांचा मेळा भरलेला असतो, आणि मग उजवीकडे वर. माथ्यावर नॅशनल ट्रस्टचं कॅफे आहे, केक मोठे कापतात.

परतीच्या गाडीत चढण्याआधी स्टेशनबाहेर एक काम करा: चेन आणि ब्रेकमध्ये अडकलेला चिखल पाण्याच्या बाटलीतल्या उरलेल्या पाण्याने तिथेच धुऊन टाका. घरी जाऊन करू म्हणालात तर तो गॅरेजमध्ये नाही, भाड्याच्या घरातल्या पांढऱ्या कार्पेटवर सुकतो. मागच्या मे महिन्यापासून माझ्या घरमालकाशी याच विषयावर बोलणी चालू आहेत.